रेंज रोव्हरचा हेडलाइट: फोकस स्क्रूमधून सस्पेन्शनमध्ये कसा गेला

रेंज रोव्हरचा हेडलाइट उतरवून परत लावायचा असेल, तर जाणता मेकॅनिक आज फोकसला हात लावण्याआधी भलतंच काहीतरी तपासतो. टायरमधली हवा, डिकीतलं सामान, गाडी नेहमीच्या उंचीवर उभी आहे की नाही. दिव्याचा याच्याशी काय संबंध, असं नवख्याला वाटतं. संबंध आहे, आणि तो ध्यानात घेऊन गाड्या बनायला बरीच वर्षं जावी लागली.

सुरुवात करावी लागते ती दुसऱ्या महायुद्धातल्या जीपपासून. विलिस आणि फोर्डने बनवलेल्या त्या जीपचे हेडलाइट बिजागरीच्या पट्टीवर बसवलेले होते. एक पंखाचा नट सैल केला की दिवा मागे उलटा फिरायचा आणि रात्री इंजिनावर उजेड पडायचा. दिवा काढायचीच गरज नाही! इतकी सोय पुढच्या कुठल्याही महागड्या गाडीने दिली नाही. जीप डोळ्यांसमोर ठेवूनच ब्रिटनच्या रोव्हर कंपनीतल्या मॉरिस विल्क्स यांनी लँड रोव्हर आखली आणि १९४८च्या एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. तिचे दिवे पुढच्या लोखंडी जाळीच्या मागे होते. फांद्या आणि दगड जाळीवर आदळायचे, पण उजेडही जाळीत अडकायचा. दोन वर्षांत दिवे जाळीतून बाहेर डोकावू लागले. पुढे १९६८-६९च्या सुमारास, काही देशांच्या दिव्यांबाबतच्या नियमांमुळे, ते मधून उचलून दोन्ही बाजूंच्या मडगार्डांवर गेले.

त्या काळात दिवा काढणं हे काम म्हणावं असं नव्हतंच. अमेरिकेने १९४०च्या मॉडेलांपासून सात इंची गोल सील बीम सर्वांना लावायला लावला होता. काच, रिफ्लेक्टर आणि फिलामेंट असं सगळं एकत्र बंद. बल्ब उडाला की अख्खा दिवा बदलायचा, पण आत धूळ-पाणी शिरत नसल्यामुळे रिफ्लेक्टर काळा पडायचा नाही. युरोपने बल्ब वेगळा ठेवला, तरी सात इंचाचं माप तिथेही रुळलं. आपल्याकडच्या जीप, ॲम्बॅसडर, बुलेट यांच्यावरही हेच माप आलं. त्यामुळे दिवा कुठल्या कंपनीच्या गाडीचा, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नसे.

१९७०च्या जूनमध्ये लँड रोव्हरच्याच घराण्यातली रेंज रोव्हर आली. स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड यांची यंत्ररचना, डेव्हिड बाख यांनी घासूनपुसून नीट केलेलं रूप, साडेतीन लिटरचं व्ही-एट इंजिन, आणि पुढे तेच सात इंची गोल दिवे. दिव्याभोवतीची चौकट उतरवली की एक धातूची कडी दिसते. तिचे लहान स्क्रू सैल केले की दिवा हातात येतो. त्याच भागात आणखी दोन स्क्रू असतात, एक फोकस वर-खाली करायला, दुसरा डावी-उजवीकडे करायला. नवशिका नेमके तेच फिरवून बसतो, आणि दिवा सुटत तर नाहीच, फोकस मात्र बिघडतो. जुन्या गाड्या हाताळणारे अजूनही हाच इशारा पहिला देतात.

आता फोकसचा हिशेब. तो किचकट नाही, पण उंच गाडीचं सगळं दुखणं त्यातच आहे. डिपरचा झोत साधारण एक टक्का खाली झुकवतात, म्हणजे दहा मीटर पुढे तो दहा सेंटिमीटर उतरलेला असावा. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर असा झोत ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. दिवा एक मीटरवर असेल तर १०० मीटरवर. उंच दिव्याने चालकाला लांबचं दिसतं, पण समोरच्या लहान कारमधल्या माणसाचा डोळाही साधारण त्याच उंचीवर असतो. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या नियमावलीत दिवा जितका वर, तितका झोत जास्त झुकवायला सांगितलं आहे: ८० सेंटिमीटरच्या खालच्या दिव्याला सुरुवातीचा झुकाव एक ते दीड टक्का, एक मीटरच्या वरच्या दिव्याला दीड ते दोन.

मात्र हे सगळं गाडी सपाट उभी असताना. पहिल्या रेंज रोव्हरच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर १०० इंच, म्हणजे २.५४ मीटर. मागे चार माणसं आणि सामान भरून मागची बाजू नुसती अडीच सेंटिमीटर बसली, की गाडीचं नाक एक टक्क्याने वर होतं. स्क्रूने लावलेला एक टक्का तिथेच संपला, झोत आडवा झाला. पाच सेंटिमीटर बसली तर डिपर लावूनही समोरच्याला अप्परच दिसतो. आणि ही गाडी मऊ, लांब हालणाऱ्या कॉइल स्प्रिंगांवर उभी होती. पाट्यांच्या कडक स्प्रिंगा टाळून मिळवलेला आराम हाच तिचा डौल होता.

कंपनीने त्यावर एक उपाय पहिल्या दिवसापासून ठेवला होता, पण दिव्यांसाठी नव्हे. मागच्या ॲक्सलवर बोगे कंपनीचा हायड्रोमॅट नावाचा दांडा होता. खाचखळग्यांतल्या हालचालीतूनच तो स्वतःत दाब भरून घ्यायचा आणि बसलेली मागची बाजू उचलून धरायचा. तो बसवला होता गाडीची पकड आणि आराम टिकावा म्हणून. माझ्या मते मात्र उंच गाडीच्या हेडलाइटचा पहिला खरा ॲडजस्टर तोच. हा दांडा थकलेल्या जुन्या गाडीत फोकस कितीही वेळा लावा, सामान भरलं की पुन्हा आकाशात जाणार.

१९९२मध्ये रेंज रोव्हरला एअर सस्पेन्शन मिळालं, म्हणजे स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या, ज्यांनी गाडीची उंची सावरता येते आणि ती वर-खालीही करता येते. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या पिढीत गोल दिवे गेले, चौकोनी आले, वर त्यांना स्वतःचे छोटे वायपर. गोल दिवे गेल्याची हळहळ बरीच झाली, पण गॅरेजच्या दृष्टीने गेलं ते माप. आता दिवा फक्त याच गाडीचा होता.

यापुढची ढकल दिली झेनॉनने, म्हणजे तारेऐवजी वायूतल्या ठिणगीने पेटणाऱ्या दिव्यांनी. बीएमडब्ल्यूने १९९१मध्ये सेव्हन सिरीजला असे दिवे प्रथम लावले. तारेच्या नेहमीच्या हॅलोजन बल्बपेक्षा दुपटीहून अधिक उजेड, त्यामुळे चुकीच्या फोकसची शिक्षाही तेवढीच मोठी. युरोपच्या नियमांनी २००० लुमेनच्या (लुमेन हे उजेडाचं माप) वरच्या डिपरला दोन अटी घातल्या: काच धुणारा फवारा, आणि झोताची उंची आपोआप सावरणारी यंत्रणा. योगायोग असा की १९९४ ते २००० लँड रोव्हर बीएमडब्ल्यूच्याच ताब्यात होती. २००२मध्ये रस्त्यावर आलेली तिसरी रेंज रोव्हर त्या काळात घडली, जरी ती विकली पुढचा मालक फोर्डने. झेनॉनच्या गाड्यांत सस्पेन्शनवरचे सेन्सर गाडी किती बसली ते सांगतात आणि दिव्यातली मोटर झोत तेवढा खाली घेते. मग स्क्रू उरला कशासाठी? पायाभूत रेषा ठरवण्यासाठी. गाडी वर उचललेल्या स्थितीत असताना तो फिरवला, तर यंत्रणा ती चूकच प्रामाणिकपणे जपत राहते.

काढण्याच्या बाबतीत मात्र ही काही वर्षं सुवर्णकाळाची. २००४च्या डिस्कव्हरी-३मध्ये बॉनेट उघडायचं, वरच्या दोन खिट्ट्या ओढायच्या, दिवा पुढे सरकवायचा आणि मागचा कनेक्टर सोडायचा. पान्हा नको, बंपरला हात नको. पोर्शच्या कायेनमध्येही दिवा एका कुलपासारख्या अडकणीवर बसलेला होता. त्याचा फायदा चोरांनी घेतला. नेदरलँड्समध्ये कायेनचे दिवे उपटून नेण्याच्या इतक्या घटना झाल्या की झेनॉनचा उजेड घरात गांजा पिकवायला वापरतात, अशा बातम्या आल्या. मेकॅनिकची सोय आणि चोराची सोय एकच असते, हे डिझाइन करणाऱ्यांनी तेव्हा फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही. आज अनेक महागड्या गाड्यांत दिव्यापर्यंत पोचायला बंपर सैल करावा लागतो किंवा पूर्ण उतरवावा लागतो. त्यामागचं मोठं कारण चोर नव्हे, पत्र्यांमधल्या फटी बारीक दिसाव्यात ही हौस.

एलईडीने उरलंसुरलं बदललं. २०१७च्या अखेरीस रेंज रोव्हरला लेझरची जोड असलेले पिक्सेल दिवे आले, ५०० मीटरपर्यंत झोत टाकणारे. सध्याच्या पिढीतल्या वरच्या दर्जाच्या दिव्यात सुमारे १२ लाख सूक्ष्म आरसे आहेत. समोरून येणाऱ्या गाडीपुरता अंधार पाडून बाकी रस्ता अप्परवर ठेवायचं काम ते करतात. अमेरिकेने अशा झोताला परवानगी दिली ती २०२२मध्ये. यात बदलायला बल्बच नाही. काही बिघडलं की बहुधा पूर्ण दिवा नवा, म्हणजे पुन्हा सील बीमचाच न्याय, फक्त कोणत्याही दुकानात मिळणारी सात इंची वस्तू आता राहिलेली नाही. नवा दिवा बसवल्यावर त्याची ओळख गाडीच्या कॉम्प्युटरला करून द्यावी लागते, मग सपाट जागेवर फोकस तपासायचा.

टाटांनी २००८मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतली आणि २०२४पासून रेंज रोव्हर पुण्यात जोडली जाऊ लागली. आपले केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९चे. त्यातला १०६वा नियम झोत खाली वळवायला सांगतो आणि मोजमाप देतो: दिव्यापासून आठ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, दीड मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. हॅचबॅकमध्ये बसलेल्याचा डोळा त्याहून बराच खाली असतो, त्यामुळे एक मीटर उंचीवर दिवे असलेल्या गाडीसमोर या मापाचा त्याला फारसा उपयोग नाही.

नवा दिवा महाग म्हणून बरेच जण दुबई किंवा अमेरिकेतून वापरलेला मागवतात. तो जागेवर चपखल बसतो, कनेक्टरही जुळतो, पण युरोपात १९५७पासून डिपरचा झोत मुद्दाम एका बाजूला वर चढवलेला असतो, कडेचा रस्ता दिसावा म्हणून. उजवीकडून चालणाऱ्या देशातल्या दिव्यात ती चढण उजवीकडे असते, म्हणजे आपल्या रस्त्यावर थेट समोरच्याच्या डोळ्यांत, आणि साध्या दिव्यात ती कुठल्याही स्क्रूने डावीकडे वळत नाही. ब्रिटनमधून आलेला दिवा चालतो. विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून भिंतीवर पाडलेल्या डिपरचा फोटो मागावा आणि उजेडाची कड डावीकडे चढते ना, ते पाहावं.