ओसरी (ग्रामीण विदर्भ)

घराच्या दर्शनी भिंतीला लागून असलेली, अंगणाकडून उघडी आणि वर छप्पर असलेली बसण्या-उठण्याची जागा. विदर्भात तिला ओसरी किंवा छपरी म्हणतात. पूर्वेकडच्या जिल्ह्यांत सपरी हाही शब्द चालतो. अंगणापेक्षा हातभर उंच ओटा, बाहेरच्या कडेला खांब आणि मागे माजघराचे दार, एवढाच तिचा बांधा. माजघर घरच्यांचे, सांदवाडी म्हणजे परसदार बायकांचे, कोठा बैलांचा. ओसरीवर मात्र रस्त्याने जाणाऱ्याचाही थोडा हक्क असतो. न बोलावता यावे, बसावे, पाणी पिऊन उठावे आणि येण्याचे कारण कोणी विचारू नये, हे सुख खेड्यातल्या घराने याच जागेवर जपले.

प्रदेश बदलतो तशी ओसरी बदलते. बुलढाणा-अकोल्याकडे पाऊस बेताचा, म्हणून तिथे मातीच्या सपाट छताची धाब्याची घरे होती आणि ओसरीही धाब्याखालीच असे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्यात पाऊस जोरदार. तिथले कवेलूंचे, म्हणजे कौलांचे छप्पर पुढे इतके खाली उतरते की उंच माणसाला वाकूनच वर यावे लागते. हा उतार विचारपूर्वक ठेवलेला असतो. पावसाचे पाणी मातीच्या भिंतीपासून लांब पडते आणि उन्हाळ्यात चढते ऊन भिंतीला लागत नाही. ऐपतदाराकडे सागवानी खांब, इतरांकडे हाताशी येईल ते लाकूड. गरिबाची भिंत कुडाची, म्हणजे तुराट्या-पऱ्हाट्या उभ्या बांधून वर माती लिंपलेली. पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरावे लागतात, कारण वानरांच्या उड्यांनी त्यातले कितीतरी फुटलेले असतात. मेळघाटातल्या कोरकू गावांत घरांच्या दोन रांगा रुंद रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर असतात. तिथे आपल्या दारात बसलेल्याला अख्खे गाव दिसते. या बांधणीचा जपलेला नमुना कोणाला पाहायचा असेल तर त्याने सेवाग्रामला जावे. महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले; त्याच खेड्याचे नाव पुढे सेवाग्राम झाले. त्यानंतर उभी राहिलेली आश्रमातली घरे माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंचीच आहेत. बापू कुटीच्या ओसरीवर मे महिन्यातही घटकाभर बसवते, यातच त्या बांधणीचे शहाणपण कळते.

विदर्भाचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि ओसरीचे वेळापत्रक तोच ठरवतो. सकाळी सडा पडला, सारवण वाळले की म्हातारी माणसे ओसरीवर येतात. दहा-साडेदहापर्यंत चहा, पान-तंबाखू, गावची खबरबात. मग झळा सुरू होतात आणि सगळे माजघरात शिरतात. दुपारची ओसरी कुत्र्याची. सूर्य कलला की अंगणात पाणी शिंपतात, बाजा बाहेर निघतात. रात्री उशिरापर्यंत अंगणातल्या बाजेवरून ओसरीवर आणि ओसरीवरून शेजारच्या अंगणात बोलणे चालू राहते. पण ओसरीचा खरा ऋतू पावसाळा. झड लागली की शेतात पाय टाकता येत नाही. तेव्हा कवेलूंच्या काठाने पागोळ्या गळत असतात, माणसे अंबाडीच्या वाखाचे दोर वळत बसतात, कोणी डवऱ्याची, म्हणजे डवरणीच्या अवजाराची दुरुस्ती काढतो, आतून भाजलेल्या मक्याच्या कणसांचा वास येतो. कामाच्या दिवसांत सक्तीने मिळालेली ही सुट्टी ज्याने अनुभवली, त्याला झड म्हटले की आधी ओसरीच आठवते.

ओसरीवरचे सामान थोडे आणि ठरलेले. एका बाजूला बाज, कोपऱ्यात माठ आणि त्यावर गडवा, भिंतीतल्या दिवळीत दिवा किंवा कंदील, आढ्याला अडकवलेले दोर-कासरे. थोडे बरे घर असले की बंगई, म्हणजे जाड फळीचा, लोखंडी कड्यांचा झोपाळा. बंगईवर दिवसा मालक बसतो, दुपारी तान्ह्या बाळाला झोपवतात आणि संध्याकाळी पोरे ती ताब्यात घेतात. कड्यांचा कुरकुर आवाज घरच्यांना ऐकूच येत नाही. पाहुण्याला मात्र पहिल्या रात्री त्याने झोप लागत नाही.

काम आणि विसावा यांत ओसरी भेद करत नाही. पश्चिम आणि मध्य विदर्भात वेचणी सुरू झाली की कापूस घरात येतो. माजघर भरले की ओसरी भरते. भाव वाढेल या आशेने कित्येक घरांत तो महिनोन्‌महिने पडून राहतो. राज्यात १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, तेव्हाही विक्रीची पाळी येईपर्यंत ढीग घरातच असत आणि खरेदी केंद्रांपुढे बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या रांगा लागत. मुलांना त्या पांढऱ्या ढिगात लोळण्याची कोण मौज! मोठ्यांना मात्र जुन्या कापसाने अंगाला सुटणारी खाज आणि विस्तवाची धास्ती. त्या दिवसांत ओसरीवर बिडी पेटवायची नाही, हा नियम पाहुण्यालाही लागू. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा येतात. बायका गोल करून सोले काढत बसतात. त्या दिवशीच्या भाजीइतकेच त्या बसण्याला महत्त्व असते. उन्हाळ्यात सरगुंडे, कुरड्या, मुंगवड्या. एकीच्या घरचे काम चारजणींनी उरकायचे आणि मग दुसरीच्या ओसरीवर जायचे.

पूर्वेकडे हीच जागा जंगलाच्या मिळकतीची होते. चैत्रात पहाटे वेचून आणलेली मोहफुले अंगणात वाळतात आणि आभाळ आले की धावपळ करून ओसरीवर ओढली जातात. तो गोड, जड वास कपड्यांनाही लागतो. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम. सकाळी तोडून आणलेली पाने सावलीत बसून घरचे सगळे जुळवतात, ७० पानांचा एक पुडा बांधतात. भंडारा-गोंदियातल्या असंख्य बायांनी मांडीवर सूप घेऊन, तंबाखूचा चुरा आणि दोरा जवळ ठेवून बिड्या वळल्या, त्याही अशाच सपरीवर. त्या मजुरीवर मुलांच्या शाळा झाल्या आणि त्याच तंबाखूने कितीकींची छाती पोखरली, याची नोंद ओसरीच्या आठवणींत व्हायलाच हवी.

रीतींचा भाग मोठा आहे. रस्त्याने जाणाऱ्याला ओसरीवरून ‘काऊन जी, कुठं चालले?’ असे विचारणे हा भोचकपणा नाही. न विचारणे हाच अपमान. सालगड्याचे साल पाडव्याला ठरते, ती बोलणी ओसरीवर. बैलांचा सौदा, बांधाची भांडणे, मुलगी पाहायला आलेली मंडळी, सगळे इथेच. श्रावणात संध्याकाळी पोथी लागते. वाचणारा एक आणि ऐकणारी निम्मी आळी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रभावातल्या गावांत खंजिरी भजनाच्या बैठकी ओसरीवरच रंगत आल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा: मुले लाकडी बैल ओढत दारोदार येतात आणि ओसरीवरची आजी त्यांना बोजारा, म्हणजे पैसे किंवा खाऊ देते. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मुली गाणी म्हणतात आणि डबा हलवून आतला खाऊ ओळखायला लावतात. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात, गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, रात्री नाटक असते. अशा वेळी पाहुण्यांची गणती राहत नाही; सतरंज्या टाकून सपरीवर ओळीने सगळे झोपतात, आणि पहाटे नाटक पाहून आलेला सापडेल त्या फटीत आडवा होतो.

या सगळ्या आठवणींत एक कडू भाग आहे आणि तो वगळून ओसरीचे वर्णन खरे होत नाही. ओसरी सर्वांना मोकळी नव्हती. दलित माणसाने अंगणातच उभे राहायचे, फार तर ओट्याच्या खाली बसायचे. पाणी वरून ओतले जाई, चहाची कपबशी वेगळी असे. एका हाताच्या उंचीत गावाची सगळी उतरंड दिसे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांत ओसरीला नवा अर्थ आला: भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, वर्षावासात ग्रंथवाचन, आणि आपल्या ओसरीवर आपण ताठ बसणे. घरातल्या सुनांचीही गोष्ट अशीच. सासरा किंवा जेठ (थोरला दीर) बाहेर बसला असेल तर सून दारामागून बोले. सासूला ओसरी मिळे ती वयाने. म्हणून जुन्या ओसरीच्या सुखाविषयी विचारायचे तर त्यावर कोण बसत असे आणि कोण झाडत असे, हेही विचारावे लागते.

अलीकडच्या बांधकामात ओसरी आक्रसली आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर. एवढ्यात दोन खोल्या बसवल्या की पुढे काही उरत नाही, म्हणून लोक चार पाइप रोवून वर टिनपत्रे टाकतात. टिनाखाली उन्हाळ्यात बसवत नाही आणि पावसात बोललेले ऐकू येत नाही, तरीही ते टाकतातच. ओसरीची गरज संपलेली नाही याचा हा सरळ पुरावा आहे. पैसेवाल्यांच्या सिमेंटच्या घरांना पुढे लोखंडी जाळी लागली. जाळीआडून माणूस दिसतो, पण वर चढून बसता येत नाही, आणि कूलर-टीव्हीमुळे तो आतच असतो.

एक बदल मात्र मनापासून स्वागत करावा असा आहे. गावोगावच्या महिला बचत गटांच्या बैठका बहुधा एखादीच्या छपरीवरच भरतात. सतरंजी अंथरलेली असते, मध्ये हिशेबाची वही, कर्जाच्या हप्त्यांवर आणि सोयाबीनच्या भावावर मोकळेपणी वाद चालतो. त्या वेळी घरचा मालक आला तर तो अंगणातच थांबतो किंवा कोठ्याकडे निघून जातो.