ॲल्युमिनियमच्या होडीत प्लाय ठोकण्याआधी

बारा-चौदा फुटांची ॲल्युमिनियमची होडी घेतली की बहुतेकांना आधी सपाट तळ हवा असतो. उभं राहून गळ टाकता यावा, बर्फाची पेटी सरकू नये, पाय तळातल्या आडव्या बरगड्यांत (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांत) अडकू नये. मागणी रास्त आहे आणि ते काम आम्ही आवडीने करतो. पण गोव्यातल्या शापोरा, मांडवी, झुवारी नद्यांत चालणाऱ्या ज्या होड्या आमच्याकडे येतात, त्यांतल्या बऱ्याच होड्यांत सुताराने आधीच प्लाय ठोकलेला असतो. तो उचकटण्यातच तुमचे आणि आमचे दिवस जातात.

"साधा नाही, मरीन प्लाय आहे, आयएस ७१० मानकाचा," असं गिऱ्हाईक हमखास सांगतं. प्लाय चांगलाच असतो. पण वाळवी-बुरशी लागू नये म्हणून अशा प्लायला जे रसायन देतात, त्यात तांबं असू शकतं. खाऱ्या पाण्यात तांब्याची सोबत मिळाली की ॲल्युमिनियम झिजतं. ओला प्लाय पत्र्याला चिकटून राहिला की खाली पांढरी भुकटी धरते. ती पुसून बघा, पत्र्यावर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसतील. वरून काहीच कळत नाही. पितळी स्क्रूभोवती हेच होतं. स्टेनलेसचा स्क्रूसुद्धा थेट बसवला, तर त्याच्याभोवतीचा पत्रा खात जातो. बुडातल्या पाण्यात विसरलेलं गळाचं शिसंही पत्र्याला घातक, ते तेवढं उचलत चला.

म्हणून आम्ही तळासाठी ५०५२ ग्रेडची ॲल्युमिनियम शीट वापरतो आणि खालची अँगलची चौकटही ॲल्युमिनियमचीच करतो. प्लायपेक्षा महाग पडते, हे मान्य. पण ती पाणी पीत नाही, फुगत नाही. प्लायच हवा असेल तर तोही करून देतो: सगळ्या बाजूंना, कापलेल्या कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आत इपॉक्सी, खाली रबराची पट्टी, ३१६ स्टेनलेसचे स्क्रू आणि त्यांना नायलॉनचे वॉशर. तळ तुकड्यांत आणि उचलता येईल असाच बसवतो, म्हणजे गोड्या पाण्याने बूड धुता येतं. कार्पेट मात्र लावत नाही, ते खारं पाणी धरून ठेवतं.

फटी बुजवायला बाथरूमचा सिलिकॉन आणू नका. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो प्रकार ॲल्युमिनियमला चालत नाही. आम्ही पॉलियुरेथेन सीलंट वापरतो.

एक विनंती: जागा मोठी व्हावी म्हणून मधलं बाक घरी कापू नका. ते दोन्ही बाजू ताणून धरतं, आणि पुष्कळ होड्यांत त्याच्या आत फोम असतो. होडीत पाणी भरलं तर तिला तरंगत ठेवणारा तोच. बाक काढायचंच असेल तर आधी बाजूंना आधार द्यावा लागतो आणि तेवढा फोम दुसरीकडे बसवावा लागतो. तळही फार उंच करून मागू नका. माणूस जितका वर उभा, तितकी होडी डुलते.

"नुसता तळ बसवायला इतके दिवस?" असं विचारलं जातं. जुना तळ असेल तर तो पूर्ण काढल्याशिवाय आम्ही नवा बसवत नाही. होडी ट्रेलरवर ठेवून आत पाणी भरतो, बाहेरून कुठला रिवेट गळतो ते बघून खूण करतो, ते घट्ट करतो आणि मगच मोजमाप घेतो. हा वेळ आम्ही वाचवणार नाही. तळ बसल्यावर गळती सापडली तर सगळं पुन्हा उघडावं लागतं, आणि तो खर्च तुमच्याच खिशातून जातो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीच्या काळात होड्या तशाही काठावर असतात. जूनमध्येच आणलीत तर नारळी पौर्णिमेआधी निवांत हातात मिळते. जुलैअखेरीस रांग लागते. येताना मोटार किती हॉर्सपॉवरची, बॅटरी कुठे ठेवता आणि होडीत एरवी किती माणसं बसतात, एवढं सांगा. बुडाचे फोटो आधी पाठवलेत तर खर्चाचा अंदाज फोनवरच देऊ, त्याचे पैसे घेत नाही.