एनआयओएसची बारावी की मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी? शाळेत न गेलेल्यांसाठी पदवीच्या दोन वाटा

मूल घरीच शिकलं, शाळेचा दाखला नाही, दहावी-बारावीची गुणपत्रिका नाही, आणि आता पदवी घ्यायची आहे. अशा घरात हमखास दोन सल्ले येऊन पोहोचतात. एक म्हणतो, ‘एनआयओएसमधून दहावी-बारावी करून घ्या.’ दुसरा म्हणतो, ‘बारावी हवीच कशाला? इग्नूची सहा महिन्यांची पूर्वतयारी करा आणि थेट बी.ए.ला बसा.’ एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, इग्नू म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. दोन्ही संस्था केंद्र सरकारच्या, दोन्हींच्या नावात ‘मुक्त’, दोन्हींकडे घरी बसून अभ्यास. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की हे एकाच गोष्टीचे दोन प्रकार असावेत, एक लांबचा आणि एक जवळचा.

तसं नाही. एनआयओएस हे परीक्षा मंडळ आहे. ते बारावी देतं आणि ती बारावी देशातल्या इतर मंडळांच्या बारावीच्या बरोबरीची असते. पूर्वतयारीतून बारावी मिळत नाही. तिच्यातून मिळते ती फक्त त्याच विद्यापीठाच्या ठरावीक पदव्यांना प्रवेश घेण्याची पात्रता. हा फरक प्रवेशाच्या दिवशी जाणवत नाही. पदवी हातात आल्यावर, पुढचा अर्ज भरताना जाणवतो, आणि तेव्हा मागे जाऊन दुरुस्ती करणं फार अवघड असतं.

आधी एनआयओएस. 1989 साली ‘नॅशनल ओपन स्कूल’ म्हणून सुरू झाली, 2002 मध्ये सध्याचं नाव मिळालं. मुख्यालय नोएडाला, महाराष्ट्रासाठी प्रादेशिक केंद्र पुण्यात. घरी शिकलेल्या मुलांसाठी तिची सगळ्यांत मोलाची सोय अशी की दहावीच्या प्रवेशाला शाळेचा दाखला असलाच पाहिजे अशी अट नाही. वयाची 14 वर्षं पूर्ण हवीत, जन्मतारखेचा पुरावा हवा, आणि आठवीची गुणपत्रिका नसेल तर ‘दहावीचा अभ्यास करण्याइतकं माझं शिक्षण झालं आहे’ असं स्वयंघोषणापत्र चालतं. राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून देण्यासाठीच्या 17 नंबरच्या फॉर्मला मात्र शाळा सोडल्याचा दाखला मागतात. शाळेची पायरीच न चढलेल्या मुलाची गाडी तिथेच अडते.

दहावीला किमान पाच विषय, त्यात एक किंवा दोन भाषा. मराठी हा विषय घेता येतो. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. विषय एकेक करून सोडवले तरी चालतं, आणि घरी शिकणाऱ्या मुलाला हे फार सोयीचं पडतं. उत्तीर्ण व्हायला 33 टक्के. ज्या विषयांना प्रात्यक्षिक आहे त्यांत लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं.

स्वाध्यायांकडे, म्हणजे ज्यांना तिथे सगळे ‘टीएमए’ म्हणतात त्यांच्याकडे, पालक बऱ्याचदा दुर्लक्ष करतात. त्यांना 20 टक्के भार आहे. मुदतीत दिले नाहीत तर ते गुण गेले, लेखी परीक्षेत कितीही लिहिलं तरी भरून येत नाहीत. प्रात्यक्षिकांचंही तसंच. ती अभ्यासकेंद्रात करायची असतात, आणि घरी पुस्तकं वाचून तयारी केलेलं हुशार मूल तिथेच मागे पडतं, कारण ब्युरेट किंवा मायक्रोस्कोप त्याने त्याआधी हातात घेतलेला नसतो. विज्ञान घ्यायचं असेल तर अर्ज करण्याआधी केंद्रात जाऊन प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहा. ‘आहे हो, सगळी सोय आहे’ यावर विसंबू नका.

बारावीबद्दलचा मोठा गैरसमज म्हणजे थेट बारावी करता येते हा. नाही येत. आधी मान्यताप्राप्त मंडळाची दहावी हवी, वय किमान 15 हवं, आणि दहावी उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांचं अंतर भरल्याशिवाय बारावीचं पाच विषयांचं प्रमाणपत्र मिळत नाही. ‘दहावी आणि बारावी एकाच वर्षात’ अशी पाटी लावलेला एजंट दिसला की पाठ फिरवा. त्याच्याकडून मिळणारा कागद बहुतेक वेळा अशा मंडळाचा असतो ज्याला कोणतंही विद्यापीठ ओळखत नाही.

या दोन वर्षांच्या नियमामुळे दहावी कोणत्या सत्रात करायची याचा विचार आधीच करावा लागतो. समजा दहावी एप्रिल-मे 2026 मध्ये झाली. मग बारावी एप्रिल-मे 2028 मध्ये. निकाल जूनच्या सुमारास, म्हणजे नेमका पदवी प्रवेशाच्या धावपळीत. निकाल आठवडाभर लांबला तरी पहिली फेरी हुकते. त्याऐवजी दहावी ऑक्टोबर 2025 मध्ये झाली असेल तर बारावी ऑक्टोबर 2027 मध्ये देता येते. मग निकाल, मूळ गुणपत्रिका, मायग्रेशन (मंडळ सोडून दुसरीकडे प्रवेश घेण्यासाठीचं प्रमाणपत्र) सगळं जून 2028 च्या आधी हातात असतं, आणि एखादा विषय राहिलाच तर एप्रिलची संधी शिल्लक राहते. ज्यांना जमेल त्यांनी ऑक्टोबरचंच गणित बसवावं.

आता दुसरी वाट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1985 च्या दूरशिक्षण नियमांत एक तरतूद होती. पदवीला बारा वर्षांचं शालेय शिक्षण हवं हे तर खरंच, पण ज्याच्याकडे आधीच्या शिक्षणाचा काहीच कागद नाही अशा व्यक्तीने 21 वर्षं पूर्ण केली असतील आणि ती विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत उत्तीर्ण झाली असेल तर तिला दूरशिक्षणाच्या पदवीला घेता येईल. शिक्षण अर्धवट सुटलेल्या प्रौढांसाठी उघडलेलं हे दार. मुक्त विद्यापीठांचे पूर्वतयारी अभ्यासक्रम याच विचारातून आले.

इग्नूत त्याला ‘बीपीपी’ म्हणतात. वय 18 पूर्ण हवं, शिक्षणाची अट नाही. सामान्य गणित, सामाजिक शास्त्रं आणि वाणिज्य या तीन विषयांपैकी दोन निवडायचे. किमान मुदत सहा महिने, कमाल दोन वर्षं. प्रवेश जानेवारी आणि जुलै सत्रांत. तो उत्तीर्ण झाला की इग्नूच्या बी.ए., बी.कॉम. अशा पदव्यांना अर्ज करता येतो. बी.एस्सी.ला नाही, तिथे विज्ञान विषयांसह बारावीच लागते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रमही याच तत्त्वावरचा. ज्या सत्रात प्रवेश घ्यायचा त्या सत्राची माहितीपुस्तिका उघडून त्यात पूर्वतयारी आहे ना, आणि हव्या त्या पदवीच्या पात्रतेत तिचा उल्लेख आहे ना, या दोन ओळी स्वतः वाचा. गेल्या वर्षीच्या पुस्तिकेवरून पैसे भरू नका.

म्हणजे शून्यातून सुरुवात केली तर एका वाटेने पदवीच्या दारापर्यंत तीनेक वर्षं, दुसरीने सहा महिने. दुसरी वाट आकर्षक वाटते यात नवल नाही. शिवाय पदवी खरीच असते, संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची असते. मग बिघडतं कुठे?

सगळ्यांत स्पष्ट उदाहरण वकिलीचं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांतला नियम 5 पाहा. दूरशिक्षणाने केलेली बारावी किंवा पदवी एलएल.बी.ला चालते असं तो आधी म्हणतो. त्याखालीच स्पष्टीकरण आहे की आवश्यक ती मूळ पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट बारावी, पदवी किंवा पदव्युत्तर पदवी मिळवलेल्यांना कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाही. एकाच नियमात दोन्ही वाटांचा निकाल लागलेला आहे. एनआयओएसची दहावी, मग बारावी, मग इग्नूची बी.ए. केलेली मुलगी तीन वर्षांच्या एलएल.बी.ला पात्र. पूर्वतयारी करून तीच बी.ए., त्याच गुणांनी केलेली मुलगी अपात्र. पदवीच्या कागदावर दोघींत काही फरक नसतो. पण प्रवेशाच्या अर्जात दहावी, बारावी, पदवी असे रकाने क्रमाने येतात, आणि दुसरीचे पहिले दोन कोरे राहतात.

डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला, बारावीच लागते. पोलीस शिपाई भरतीसारख्या जाहिरातीत शैक्षणिक अर्हता ‘बारावी किंवा समकक्ष’ अशी असते, तिथे पूर्वतयारीचं प्रमाणपत्र समकक्ष धरलं जात नाही. पारंपरिक विद्यापीठांत एम.ए., एम.कॉम.ला गेलं की 10+2+3 या क्रमाने कागद मागतात. काही जण पदवीनंतर मागाहून दहावी-बारावी करतात. तोवर पदवीचं वर्ष आधीचं आणि बारावीचं नंतरचं झालेलं असतं, आणि हा उलटा क्रम तपासणारा माणूस पुन्हा शंका काढतोच.

एनआयओएसच्या वाटेवरही पूर्वी काटे होते. वैद्यकीय प्रवेशाला मुक्त विद्यालयातून बारावी केलेले चालत नसत. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती बंदी रद्द ठरवली, पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही मुक्त विद्यालयांची बारावी मान्य केली, आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो वाद मिटला. आज भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन एनआयओएसची बारावी केलेलं मूल नीटला बसू शकतं. जेईई मेनलाही चालते, फक्त किमान पाच विषय उत्तीर्ण हवेत. घरी शिकलेल्या मुलांच्या दृष्टीने हा फार मोठा बदल आहे, आणि ‘एनआयओएस केलं तर डॉक्टर होता येत नाही’ हे जुनं वाक्य अजूनही ऐकवणाऱ्यांना तो जरूर सांगावा.

महाराष्ट्रातल्या पालकांनी आणखी एक काळजी घ्यावी. राज्याच्या कोट्यातून अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय प्रवेश हवा असेल तर दहावी-बारावी महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली असणं आणि अधिवास या गोष्टी तपासल्या जातात. एनआयओएस देशभर चालते, म्हणून दिल्लीच्या किंवा हैदराबादच्या नातेवाइकांकडचं केंद्र घेतलं तर पुढे राज्याच्या जागेवरचा दावा अडचणीत येतो. दहावीलाच महाराष्ट्रातलं अभ्यासकेंद्र निवडा आणि बारावीलाही.

इथेच अमेरिकेचा विषय काढावा लागतो, कारण घरी शिकवणारे बरेच मराठी पालक तिकडचं साहित्य वाचून आखणी करतात आणि तिकडे राहणारी काही कुटुंबं मुलांना पदवीसाठी इकडे पाठवू पाहतात. तिथे राज्याच्या कायद्यानुसार घरी शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला सरकारी शैक्षणिक मदतही मिळू शकते आणि अनेक कॉलेजं पालकांनी तयार केलेलं प्रगतिपत्रक पाहतात. भारतात पालकांच्या सहीच्या कागदावर पदवीला प्रवेश नाही. मुलाने काय काय वाचलं, कोणते प्रकल्प केले याची नोंदवही मुलाखतीत उपयोगी पडेल, पण पात्रतेच्या रकान्यात मंडळाचं नावच लिहावं लागतं.

मग पूर्वतयारी कुणी करावी? पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याच्यापुढे वेळ आहे, आणि विसाव्या वर्षी त्याला वकील व्हावंसं वाटेल की शिक्षक, हे आज कुणालाच ठाऊक नाही. सहा महिन्यांच्या सोयीसाठी त्याचे पर्याय कापणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पण चाळिशीतली गृहिणी, जिची शाळा सातवीत सुटली आणि जिला इतिहासात बी.ए. करायचं आहे, स्वतःसाठी, तिच्यासाठी ही वाट अगदी योग्य आणि सन्मानाची आहे. तिलाही प्रवेशाआधी कायदा, डी.एल.एड., नोकरभरती यांबद्दल सांगितलेलं असावं, इतकंच. मन बदललं तर एनआयओएसला वयाची वरची मर्यादा नाही.

ज्यांचं ठरलं आहे त्यांनी कागदांचं काम आधी उरकावं. शाळेत न गेलेल्या मुलाच्या बाबतीत दहावीचं प्रमाणपत्र हाच नावाचा आणि जन्मतारखेचा पहिला शैक्षणिक पुरावा ठरतो, पुढचे सगळे कागद त्यावरून बनतात. जन्मदाखल्यावर ‘अथर्व संजय पाटील’, आधारवर ‘पाटील अथर्व संजय’ आणि एनआयओएसच्या अर्जात नुसतं ‘अथर्व पाटील’ असं झालं की पदवीच्या पात्रता तपासणीत प्रकरण लटकतं. आधार आधी जन्मदाखल्याशी जुळवून घ्या, मग एनआयओएसचा अर्ज भरा. आईच्या नावाचं स्पेलिंगही तिन्हीकडे एकच ठेवा.

राज्य मंडळ सोडून इतर मंडळांतून आलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातली विद्यापीठं आधी तात्पुरती पात्रता देतात. ती कायम करायला मूळ गुणपत्रिका, एनआयओएसचं मायग्रेशन प्रमाणपत्र आणि विद्यापीठाचं पात्रता शुल्क लागतं. कॉलेजने प्रवेश दिला म्हणजे हे झालं असं समजू नका. कॉलेजच्या कार्यालयातून पात्रतेचा अर्ज विद्यापीठाकडे गेला का ते पहिल्याच सत्रात विचारा आणि पोच घेऊन ठेवा. तो अर्ज फायलीतच राहिला तर शेवटच्या वर्षी निकाल राखून ठेवला जातो, आणि तेव्हा मुलाच्या हातात पुढच्या प्रवेशाची मुदत मोजण्याखेरीज काही उरत नाही.