पगारवाढ, स्लॅब आणि एक जुनी भीती

‘पगार वाढला तर वरच्या स्लॅबमध्ये जाईन, मग हातात उलट कमीच येईल.’ पगारवाढीचे दिवस आले की हे हमखास कानावर येतं. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेने याच धास्तीने जादा तासिकांचं मानधन नाकारलं होतं. कागदावर आकडे मांडून दाखवले तेव्हा तिला पटलं, पण तोवर वर्ष निघून गेलं होतं. मला अजून त्याची हळहळ वाटते. तिचं चुकलं खरं, पण ही भीती आभाळातून पडलेली नाही. एके काळी आयकराचा हिशेब खरोखरच तसा होता.

1857च्या उठावानंतर सरकारी तिजोरी कर्जात बुडाली, तेव्हा ब्रिटिश सरकारचे भारतातले वित्त सदस्य जेम्स विल्सन यांनी 1860मध्ये कलकत्त्याला अर्थसंकल्प मांडून हा कर आणला. कायदा 24 जुलैला लागू झाला, म्हणून तो दिवस आज आयकर दिन. विल्सन स्वतः त्याच ऑगस्टमध्ये वारले. कर पाच वर्षांनी बंद पडला, परत आला, परत गेला आणि 1886च्या कायद्याने कायमचा बसला. शेतीचं उत्पन्न वगळलं गेलं तेही याच कायद्यात.

त्यातला पगारदारांचा दर बघा. वर्षाला 2,000 रुपयांच्या आत पगार असेल तर रुपयामागे 4 पै, 2,000 किंवा जास्त असेल तर 5 पै. रुपयाच्या पै 192. म्हणजे 1,999 रुपयांवर कर साधारण साडेएकेचाळीस रुपये आणि 2,000वर बावन्न. पगारात एका रुपयाची भर, करात दहाची! कारण पायरी ओलांडली की वरचा दर सगळ्या उत्पन्नाला लागायचा.

हा अन्याय 1939च्या दुरुस्तीने दूर केला. पायरी गेली, स्लॅब आला. तेव्हापासून वरचा दर फक्त त्या टप्प्यात पडणाऱ्या रकमेला लागतो, खालच्या रकमेचा कर बदलत नाही. आयकराच्या इतिहासातली ही सगळ्यात मोलाची सुधारणा, आणि तिच्याबद्दलच सर्वात कमी बोललं जातं. पुढे 1973-74मध्ये 11 स्लॅब होते आणि अधिभार धरून कमाल दर 97.75 टक्क्यांवर गेला होता. तोही 2 लाखांच्या वरच्या रकमेवरच. दर पुढे उतरत गेले आणि 1997मध्ये 10, 20, 30 टक्के असे तीनच उरले.

पायरी मात्र मागच्या दाराने परत आली, रिबेटच्या, म्हणजे उत्पन्न ठरावीक रेषेच्या आत असेल तर करात मिळणाऱ्या सुटीच्या रूपाने. 2013मध्ये तो 2,000 रुपयांचा होता. 2025-26पासून नव्या करप्रणालीत 60,000 झाला आणि ‘12 लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य घरोघरी पोचलं. पगारदाराच्या बाबतीत ही रेषा 75,000च्या प्रमाणित वजावटीमुळे 12,75,000वर जाते. पण पहिले 12 लाख सर्वांनाच माफ आहेत असा याचा अर्थ नाही.

वजावट जाऊन 12,10,000 उरले असं धरा. पहिल्या 4 लाखांवर शून्य, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000, त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्क्यांनी 40,000, उरलेल्या 10,000वर 15 टक्क्यांनी 1,500. एकूण 61,500. रेषेच्या वर गेल्यामुळे रिबेट नाही. दहा हजार जास्त कमावले म्हणून साडेएकसष्ट हजार भरायचे, म्हणजे 1886चाच न्याय! म्हणून कायद्यात मार्जिनल रिलीफ आहे. 12 लाखांच्या वर जेवढी कमाई, तेवढाच जास्तीत जास्त कर, इथे 10,000. त्या करावर 4 टक्के सेस म्हणजे उपकर, एकूण 10,400.

म्हणजे 12 लाखवाल्यापेक्षा याच्या हातात 400 रुपये कमीच आले. या अरुंद पट्ट्यात जुनी भीती अजून थोडी खरी आहे. करपात्र उत्पन्न साधारण 12,74,000च्या पुढे गेलं की तीही उरत नाही.