येझदी मधेच बंद पडते? कार्बोरेटर शेवटी खोला

जुन्या येझदी रोडकिंगची एक ठरलेली तक्रार असते. गावात मस्त चालते, हायवेला जरा पिळली की काही किलोमीटरवर दम टाकते, मिसिंग करते आणि बंद. बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबा, एक किक, चालू! लगेच कोणीतरी म्हणणार कचरा आलाय, कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) खोला. खोला की, पण सगळ्यात शेवटी. आधी टाकीचं झाकण बघा.

या गाडीला पेट्रोलचा पंपच नाही, टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. आणि हा जोर किती, तर पेट्रोलची उंची २० सेंटीमीटर धरली तर जेमतेम दीड किलोपास्कल, तिकडे बाहेरच्या हवेचा दाब १०१. म्हणजे टाकीतला दाब बाहेरच्यापेक्षा नुसता दीडेक टक्का कमी झाला तरी धार थांबते. तसं होऊ नये म्हणून झाकणाला बारीक भोक असतं, पेट्रोल खाली गेलं की तेवढी हवा आत. सलाईनच्या बाटलीला वरून सुई टोचतात ना, त्याच कारणासाठी. हे भोक धुळीने, गंजाने अर्धवट बुजलं की त्रास सुरू, आणि गंमत म्हणजे टाकी फुल असताना जास्त, कारण वर हवा थोडी, ती पटकन विरळ होते.

मग हळू चालवताना का बंद पडत नाही? हिशोब करा. ६० चा स्पीड, ३० चं अॅव्हरेज, म्हणजे तासाला २ लिटर, मिनिटाला साधारण ३३ मिली. हळू चालवलं तर त्याहून कमी लागतं, झिरपणारं पेट्रोल पुरून जातं. पिळली की खर्च वाढतो, फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी छोटी वाटी) रिकामं होतं, आणि थांबलात की हळूहळू परत भरतं.

त्यामुळे पुढच्या वेळी बंद पडली की तिथेच झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि गाडी लवकर चालू झाली तर चोर सापडला. नाहीतर इंजिन थंड झाल्यावर कार्बोरेटरकडे जाणारा पेट्रोलचा पाइप काढून धार बाटलीत घ्या (सिगरेटवाल्या मित्राला लांब ठेवा). झाकण उघडं असूनही धार बारीक असेल तर कॉकची (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीची) जाळी बघा, तिथे टाकीतला गंज बसतो. २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलने हे वाढतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, उभ्या गाडीत ते फार झालं की तळाशी बसतं, शिवाय जुनं रबर फुगतं ते वेगळंच.

धार जोरात असेल तर मात्र कार्बोरेटर. त्यात जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे, आणि नीडल म्हणजे भोकात वरखाली होणारी सुई. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) मरते तर पायलट जेट, मधल्या थ्रॉटलला नीडल, फुल थ्रॉटलला मेन जेट. जेटमध्ये तार खुपसू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, हवेने फुंका.

आणि तोवर "चालतेय ना" म्हणून पिळत राहू नका. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच जातं, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, त्यात इंजिन जास्त तापतं. प्लग काढल्यावर पांढराफटक दिसला तर पिस्टन सीझ (जाम) व्हायला वेळ लागत नाही.