स्मूथ स्विंग आणि ॲक्सेंट स्विंग: साबरमध्ये आपला आवाज टाकताना कोणती फाइल कुठं जाते

साबर म्हणजे स्टार वॉर्समधल्या प्रकाशाच्या तलवारीची आवाज करणारी नक्कल. नागपुरातली साबरवाली पोरं सारखी एकच गोष्ट विचारून राहिली, की फॉन्ट (साबरच्या आवाजांच्या फाइलींचा संच) घरी बनवला, मेमरी कार्डात टाकला, हम (मागची सततची गुणगुण) मस्त वाजतो पण तलवार फिरवली की टक-टक होते नाहीतर हात थांबला तरी आवाज चालूच राहतो. बहुतेक वेळा साबरच्या आतला आवाज चालवणारा बोर्ड ठीक असतो, स्पीकरही ठीक असतो, फक्त स्मूथ स्विंगच्या जागी ॲक्सेंट स्विंगची फाइल गेलेली असते किंवा उलटं. दोघांच्याही नावात स्विंग, दोन्ही तलवार फिरवल्यावरच वाजतात, मग घोळ होणारच ना. इथं सगळं प्रॉफीबोर्ड नावाच्या बोर्डाच्या हिशोबानं सांगतो, दुसऱ्या बोर्डांवर फाइलींची नावं बदलतात पण मुद्दा तोच.

स्मूथ स्विंग म्हणजे दोन लूपची (न थांबता परत परत वाजणाऱ्या फाइलींची) जोडी, एक लो आणि एक हाय. फाइलींची नावं स्विंगएल आणि स्विंगएच, पुढे ०१, ०२ असे नंबर, आणि जोडी नंबरावरूनच जुळते. तलवार हलायला लागली की जोडी वाजायला लागते, मग आतला जायरो (फिरणं मोजणारा सेन्सर) सांगत राहतो की किती वेगानं आणि किती अंश फिरली, त्यावरून आवाज वाढतो, लोवरून हायवर सरकतो, आणि मागचा हम तेवढ्यापुरता दबतो. हात मंद झाला की आवाज मंद, हात थांबला की तोही थांबला. हे गणित थेक्स्टर या टोपणनावाच्या एका साबरवाल्यानं मांडलं, आणि माझ्या मते या छंदात यापेक्षा मोठं काम फार कमी लोकांनी केलंय.

कारण मूळ आवाजही असाच झाला होता. १९७७ च्या पहिल्या स्टार वॉर्ससाठी बेन बर्ट यांनी प्रोजेक्टरच्या मोटरची गुणगुण आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची घरघर मिसळून हम बनवला, मग तो स्पीकरवर लावून समोरून माइक फिरवत परत रेकॉर्ड केला. म्हणजे फिरवण्याचा आवाज बाहेरून आणून चिकटवला नव्हता, तोच हम हलत होता.

ॲक्सेंट स्विंगचा स्वभाव एकदम वेगळा. ही एकदाच वाजणारी फाइल, सुरुवात, जोर, शेवट सगळं तिच्या आतच. ठराविक वेगाच्या वर गेलं की सुटते आणि एकदा सुटली की हाताकडे पाहत नाही, पूर्ण वाजूनच संपते. प्रॉफीत हिचं नाव एस-डब्ल्यू-एन-जी, मधला आय नाही. आय असलेली नुसती स्विंग नावाची फाइल जुन्या मोनोफोनिक फॉन्टची असते, तिच्यात हम आधीच मिसळलेला असतो. एका आयवरून अख्खा फॉन्ट बिघडलेला पाहिलाय म्हणून इतकं घोकून सांगतो.

आता टक-टक का होते? एकदाच वाजायची फाइल स्विंगएल म्हणून टाकली की बोर्ड ती लूपवर फिरवतो, शेवट आणि सुरुवात जुळत नाही, दर फेरीला ठोका पडतो. उलट लांब लूप ॲक्सेंटमध्ये टाकला तर हात खाली आला तरी तो आपला वाजतच राहतो.

बनवायचं कसं ते पाहा. हमसाठी आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरसारखी दुसरी चीज नाही, फक्त पाण्याचा पंप बंद करून रेकॉर्ड करा, नाहीतर ठिबकणं सगळ्या लूपमध्ये येतं. साबरचा स्पीकर एवढासा असतो, त्यामुळे कूलरची एकदम खोल घरघर त्यावर ऐकूच येत नाही, मधल्या पट्टीतला आवाज उचला. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरात त्याच हमची एक कॉपी थोडी खाली आणि एक थोडी वर पिचवर न्या, दोन्हींची लांबी सारखी ठेवा, शेवटचा तुकडा सुरुवातीवर क्रॉसफेड करा (एक विरत जातो, दुसरा चढत येतो) म्हणजे सांधा कळत नाही, ही झाली जोडी. ॲक्सेंटसाठी बांबूची बारीक काठी माइकजवळून सपकन फिरवली तरी भागतं. सगळं मोनो, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही. मोबाइलच्या रेकॉर्डिंगला नुसतं एक्सटेन्शन बदलून चालत नाही, खरंच कन्व्हर्ट करावं लागतं.

नुसतं फोल्डर कार्डात टाकलं म्हणून फॉन्ट दिसत नाही, प्रीसेटमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमधल्या त्या फॉन्टच्या नोंदीत) त्या फोल्डरचं नाव जसंच्या तसं असायला पाहिजे.

पहिले जोडी एकटी ऐका, ॲक्सेंट काढून ठेवा. जोडी नीट बसली तरच ॲक्सेंट टाका आणि हमपेक्षा फार मोठा ठेवू नका, नाहीतर बारीक हालचालीचा सगळा गोडवा त्याच्याखाली दबतो. दोघांची सेटिंगही वेगवेगळ्या जागी आहे: जोडीची स्मूथएसडब्ल्यू नावाच्या आयएनआय फाइलीत, तिथं सेन्सिटिव्हिटी साधारण सेकंदाला ४५० अंशांवर असते, म्हणजे त्या वेगाला पूर्ण आवाज. ॲक्सेंट कधी सुटायचा ते कॉन्फिग नावाच्या आयएनआय फाइलीत, मुळात २५० अंश. हळू फिरवणाऱ्या लहान पोरांसाठी पहिला आकडा ३०० पर्यंत खाली आणा, दुसरा तसाच राहू द्या.