डब्ल्यू दाबलं तरी गडी हलेना

लातूर-नांदेडकडच्या नेट कॅफेत दिवसा पीकविम्याचे नि भरतीचे फॉर्म भरायचे आणि संध्याकाळी त्याच मशीनवर पोरांनी गेम खेळायचा, हे नेहमीचं. तिथं मधूनच ओरड होते, "दादा, की-बोर्ड गेला! डब्ल्यू दाबतोय, गडी हलंनाच." बऱ्याच गेममध्ये डब्ल्यूने गडी पुढे, एसने मागे, ए नि डीने डावी-उजवीकडे जातो. कुणी व्हायरस म्हणतं, कुणी रंगीत दिव्यांचा महागडा 'गेमिंग' की-बोर्ड घ्यायला सांगतं. पुष्कळदा दोन्हींची गरज नसते. फॉर्म भरताना लावलेली मराठी तशीच चालू राहिलेली असते.

पण तीच कळ, तेच बोट, मग अडतं कुठं? मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते की, की-बोर्ड अक्षर पाठवतच नाही. तो फक्त जागेचा क्रमांक पाठवतो. त्याला स्कॅन कोड म्हणतात. पीसीच्या जुन्या पद्धतीत डब्ल्यूच्या जागेचा क्रमांक 17, आणि ए, एस, डी यांचे 30, 31, 32. कळ सोडली की त्यात 128 मिळवून पुन्हा खबर जाते, म्हणजे 17 चे 145. यूएसबी की-बोर्डचे क्रमांक निराळे, डब्ल्यूला 26. विंडोज ते जुन्या क्रमांकांत बदलून घेते. 17 म्हणजे कोणतं अक्षर, हे त्यानंतर लेआउटचा, म्हणजे कळांवरच्या अक्षरांच्या मांडणीचा, तक्ता ठरवतो. परीक्षेच्या हॉलमध्ये बाकाचा नंबर तोच राहतो, बसणारा पोरगा पेपरागणिक बदलतो, तसंच हे.

इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या लेआउटच्या तक्त्यात 17 वर ै बसते, 30 वर ो, 31 वर े आणि 32 वर हलन्त. स्वर-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, अशी ही विचारपूर्वक केलेली रचना आहे. त्यामुळे खेळाच्या चारही कळांवर एकही पूर्ण अक्षर येत नाही. गेम जागा वाचत असेल तर काही बिघडत नाही. तो 'डब्ल्यू' या अक्षराची वाट पाहत असेल, तर ै आली म्हणून गडी उभाच. फोनेटिक टायपिंगमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवताना, आणखी गुंता होतो. पुढचं अक्षर येईपर्यंत टायपिंगचा प्रोग्रॅम कळ स्वतःकडे धरून ठेवतो आणि गेमला अनेकदा खऱ्या कळेऐवजी 229 हा एकच क्रमांक मिळतो.

चालू खेळातही असं होतं. धावायला शिफ्ट, उडीला स्पेस. घाईत शिफ्टबरोबर ऑल्ट दाबलं गेलं, किंवा स्पेसबरोबर विंडोजची कळ, की भाषा बदलते.

फ्रान्सच्या अझर्टी की-बोर्डवर तर हाल होतात. तिथं डब्ल्यू सगळ्यात खालच्या ओळीत आणि ए वरच्या ओळीत. अक्षर वाचणाऱ्या गेममध्ये पुढे जायची कळ खाली आणि मागे जायची तिच्या वर! म्हणून तिकडचे खेळाडू झेड, क्यू, एस, डी वापरतात.

माझं मत ठाम आहे: चालण्या-पळण्यासाठी गेमने जागाच वाचावी, अक्षर फक्त चॅटसाठी. ब्राउझरमध्येही दोन्ही वेगवेगळं मिळतं, 'की' अक्षर सांगतं आणि 'कोड' जागा. पडद्यावर 'ही कळ दाबा' असं दाखवताना मात्र त्या खेळाडूच्या कळेवर जे छापलंय तेच दाखवायला हवं. कळा बदलून घ्यायची सोय सेटिंगमध्ये असलीच पाहिजे. ती नसेल, तर गडी अडला की आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली मराठी भाषा चालू दिसतेय का बघा, आणि विंडोज नि स्पेस एकदम दाबून इंग्रजी करा.